वाटणीच्या दाव्यात सुरुवातीलाच मिळणारे तटस्थ मत

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतल्या दिवाणी न्यायालयांत मी बरीच वर्षे वकिली करते आहे आणि चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतल्यानंतर मध्यस्थ म्हणूनही काम पाहते. जमिनीच्या दाव्यातल्या पक्षकारांना सलोखा हवा असतो, असे आपण गृहीत धरतो, आणि ते खोटे नाही. परंतु सलोख्याच्याही आधी त्यांना एक गोष्ट हवी असते आणि ती त्यांना कोणी देत नाही. आपली बाजू कायद्याच्या दृष्टीने किती भक्कम आणि किती लंगडी आहे, हे ज्याचा त्या जमिनीशी किंवा त्या घराण्याशी काही संबंध नाही अशा जाणत्या माणसाने एकदा समोर बसवून स्पष्ट सांगावे, एवढीच ती अपेक्षा असते. ही अपेक्षा रीतसर पुरी करणारी पद्धत जगात चार दशकांपासून वापरात आहे. तिला तटस्थ मूल्यमापन म्हणतात, आणि आपल्या किनारपट्टीला तिची फार गरज आहे असे मला मनापासून वाटते.

पक्षकाराला हे मत आज कोठून मिळू शकते, याचा विचार केला तर मार्ग फार थोडे दिसतात. स्वतःचा वकील प्रामाणिकपणे सांगतो, पण त्याच्यासमोर एकाच बाजूचे कागद असतात, आणि पक्षकारही आपल्याला प्रतिकूल असलेला कागद सहसा शेवटी दाखवतो. न्यायाधीशांना निकालापर्यंत मत व्यक्त करता येत नाही. मध्यस्थाने तर आपण केवळ संवाद घडवून आणणार आहोत, कोणतीही तडजोड लादणार नाही, असे पहिल्याच बैठकीत सांगायचे असते. दावा कोण जिंकेल हे सांगणे त्याच्या कामात बसत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण ज्या क्षणी मध्यस्थ एका बाजूला कमकुवत म्हणेल त्या क्षणी ती बाजू त्याच्याशी मोकळेपणाने बोलणे थांबवेल. मात्र याचा परिणाम असा होतो की मध्यस्थीच्या खोलीत दोन भाऊ आपापल्या समजुतीतला कायदा घेऊन बसतात, त्या दोन कायद्यांचा एकमेकांशी काही मेळ नसतो, आणि मला तो मेळ नाही हे दिसत असूनही गप्प राहावे लागते.

तटस्थ मूल्यमापनाची आजची रूपरेषा अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्यातल्या संघीय न्यायालयात तयार झाली. तिथले मुख्य न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी खटल्यांचा खर्च आणि विलंब कसा कमी करता येईल हे शोधण्यासाठी वकिलांचा एक गट नेमला होता, आणि त्यातून १९८५ मध्ये या पद्धतीचा प्रायोगिक वापर सुरू झाला. तिची घडी बसवण्यात वेन ब्राझिल या दंडाधिकारी-न्यायाधीशांचा मोठा वाटा होता. त्यांच्या पद्धतीप्रमाणे खटला दाखल झाल्यावर थोड्याच काळात त्या विषयातला अनुभवी वकील मूल्यमापक म्हणून नेमला जातो. दोन्ही पक्ष आपली बाजू थोडक्यात लेखी देतात आणि नंतर एका बैठकीत वकिलांसह समोरासमोर बसून मांडतात. तिथे साक्षीपुराव्याचे औपचारिक नियम लागू नसतात आणि मूल्यमापक मोकळेपणाने प्रश्न विचारतो. कोणत्या गोष्टी उभयपक्षी मान्य आहेत आणि वाद खरोखर कोठे आहे, हे तो आधी वेगळे करतो.

यापुढचा टप्पा मला सर्वांत विचारपूर्वक आखलेला वाटतो. मूल्यमापक दुसऱ्या खोलीत जाऊन आपले मत कारणांसह लिहून काढतो, परत येतो, आणि ते वाचून दाखवण्यापूर्वी विचारतो की, हे ऐकण्याआधी तुम्हाला आपसात बोलून पाहायचे आहे का. मत तयार आहे आणि ते आपल्याविरुद्धही असू शकते, ही जाणीव दोन्ही बाजूंना एकाच वेळी होते, आणि पुष्कळदा बोलणी तिथेच सुरू होतात. झाली नाहीत तर मत ऐकवले जाते. ते कोणावरही बंधनकारक नसते, आणि खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांना ते कळवले जात नाही. तडजोड झाली नाही तरी पुढे कोणते कागद आणि कोणते साक्षीदार खरोखर लागतील याचा आराखडा त्याच बैठकीत ठरवता येतो, त्यामुळे श्रम वाया जात नाहीत.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत न्यायालयाला असे मूल्यमापन करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. मृताची विधवा आणि तिचा सावत्र मुलगा यांच्यातल्या वारसाहक्काच्या 'लोमॅक्स विरुद्ध लोमॅक्स' या दाव्यात असा प्रश्न उभा राहिला की एका पक्षाची संमती नसेल तरी न्यायालय मूल्यमापन ठरवू शकते का. खालच्या न्यायालयाने नाही म्हटले होते, पण अपील न्यायालयाने २०१९ मध्ये तसा आदेश देता येतो असा निर्णय दिला. हा दावा घराण्यातल्या मिळकतीचा होता, ही गोष्ट मला आपल्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. ही पद्धत केवळ मोठ्या कंपन्यांच्या करारांसाठी आहे असा जो समज आढळतो, त्याला या निर्णयाने उत्तर मिळते.

आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून आजच्या स्वरूपात लागू आहे. लवाद, सलोखा, लोकअदालतीसह न्यायिक तडजोड आणि मध्यस्थी असे मार्ग त्यात दिले आहेत, पण तटस्थ मूल्यमापनाचा उल्लेख नाही. त्या कलमाच्या मसुद्यात दोन व्याख्यांची अदलाबदल झाली आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या 'ॲफकॉन्स' निकालात दाखवून दिले आणि कोणते दावे अशा मार्गांनी न्यावेत व कोणते नेऊ नयेत याची यादीही दिली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या बौद्धिक संपदा विभागाच्या २०२२ च्या नियमांत मूल्यमापनाला स्थान मिळाले आहे. आपल्या तालुका न्यायालयांत मात्र ते केवळ पक्षकारांच्या संमतीने, खाजगी करार करूनच होऊ शकते. तशी मनाई कोठेही नाही.

हे प्रत्यक्षात कसे चालेल ते एका कल्पित दाव्यावरून सांगते. यातली माणसे माझ्या मनातली आहेत, परंतु प्रश्न रोजच्या कामातले आहेत. राजापूर तालुक्यातल्या एका गावात वडील २०१० मध्ये मृत्युपत्र न करता वारले आणि आई त्यांच्या आधीच गेली. मागे हापूसची कलमे असलेले दोन सर्व्हे नंबर, भाताचे एक खाचर आणि राहते घर राहिले. थोरला मुंबईत नोकरीला, धाकटा गावी, बहीण लग्न होऊन लांज्याला. थोरल्याने वाटणीचा आणि बागेच्या उत्पन्नाच्या हिशेबाचा दावा लावला. धाकट्याने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, म्हटले की १९९० च्या सुमारास तोंडी वाटणी झाली होती, शिवाय कलमे आपण लावली, खते घातली, फवारण्या केल्या, रात्री राखण केली, आणि इतक्या वर्षांच्या वहिवाटीने बाग आपलीच झाली. बहीण प्रतिवादी आहे, पण तिने काहीच म्हटलेले नाही. गावात सगळे धरून चालले आहेत की ती हक्कसोडपत्रावर सही करील.

मूल्यमापकाने दोन्ही बाजूंचे सातबारा, फेरफार आणि मोजणीचे नकाशे आधी मागवून वाचलेले असले पाहिजेत. बैठकीत तो धाकट्याला सांगेल की सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून त्यांना बाहेर ठेवल्याचे सिद्ध झाल्याखेरीज बारा वर्षे काय किंवा चाळीस वर्षे काय, केवळ बाग राखल्याने मालकी बदलत नाही. तोंडी वाटणीबद्दल तो विचारील की त्यानंतर सातबारा वेगळे झाले का, फेरफार पडला का, एखादा सरकारी कागद तसे दाखवतो का. नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात २०२० मध्ये तोंडी वाटणीच्या बचावाबाबत घेतलेली कडक भूमिका पाहता हा मुद्दा टिकणे अवघड आहे. धाकट्याला आपल्या वकिलाकडून हे कळले असेल, पण समोरच्याचे म्हणणेही तितक्याच लक्षपूर्वक ऐकणाऱ्या तिऱ्हाइताकडून कळणे निराळे.

त्याच बैठकीत तो थोरल्यालाही ऐकवील की वाटप करताना ज्याने सुधारणा केली तो भाग शक्य तितका त्याच्याच हिश्शाला देण्याचे तत्त्व न्यायालये मानतात, म्हणून धाकट्याने लावलेली कलमे त्याच्याकडे राहून थोरल्याला खाचर, पडीक वरकस जमीन आणि फरकाची रक्कम मिळण्याची शक्यता बरीच आहे. उत्पन्नाच्या हिशेबाबद्दल तो पेट्यांचा भाव विचारण्याआधी फवारणीचा, मजुरीचा, राखणीचा आणि मोहोर गळून गेलेल्या वर्षांचा खर्च विचारील, आणि खर्च वजा जाता उरणारी रक्कम थोरल्याच्या मनातल्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी निघेल हे कागदावर मांडून दाखवील. प्राथमिक हुकूमनामा केवळ हिस्से ठरवतो, सारा भरणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप नंतर संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि या मधल्या सगळ्या काळात बागेवर कर्ज काढायचे म्हटले तरी सहहिस्सेदारांची संमती लागते, हेही तो दोघांना सांगेल. मुंबईहून तारखेला येणाऱ्या माणसाला यातले प्रत्येक वर्ष किती महाग पडते ते सांगायला लागत नाही.

मला ज्या कारणासाठी ही पद्धत विशेष हवी आहे ते कारण मात्र त्या गप्प बसलेल्या बहिणीचे आहे. वरच्या उदाहरणात मिळकत वडिलोपार्जित धरा किंवा वडिलांची स्वकष्टार्जित धरा, तिचा हिस्सा एक तृतीयांशच येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार, ठरते आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे विनीता शर्मा निकालाने स्पष्ट झाले आहे. मध्यस्थीत ती स्वखुशीने हक्क सोडते असे म्हणाली तर मध्यस्थ म्हणून मी तिला पुन्हा पुन्हा विचारू शकते, पण 'तुझा तिसरा हिस्सा आहे आणि तो मिळण्यात कायद्याची अडचण दिसत नाही' असे निर्णायक वाक्य उच्चारण्याचा अधिकार मला नाही. मूल्यमापकाला तो आहे. इतकेच नव्हे, तर ते त्याचे कर्तव्यच आहे, कारण तिचा हिस्सा सांगितल्याशिवाय भावांचे हिस्सेही बरोबर सांगता येत नाहीत. मग तिने माहेर तुटू नये म्हणून काही सोडायचे ठरवले, तर तो तिचा विचार. गणपतीला माहेरी जाता यावे, आईच्या घराचा उंबरठा आपल्याला बंद होऊ नये, ही तिची इच्छा खरी असते आणि तिची किंमत रुपयांत करण्याचा हक्क कोणालाही नाही. पण आपण काय सोडतो आहोत ते दोन्ही भावांच्या देखत, मोठ्या आवाजात सांगितले गेल्यानंतरच तिच्यासमोर कागद यावा. सहीच्या आधी हे झाले की पुढे पंधरा वर्षांनी तिच्या मुलांनी हक्कसोडपत्र रद्द करण्याचा दावा आणण्याचे प्रसंगही कमी होतील.

वाटेच्या भांडणातही हीच पद्धत उपयोगी पडेल, परंतु तिथे मूल्यमापकाने खोलीत बसून चालणार नाही. चिऱ्याचा गडगा नेमका कोठून घातला आहे, खालच्या आगरात जायला दुसरी पाणंद आहे की नाही आणि ती पावसाळ्यात चालण्याजोगी राहते का, हे पायांनीच पाहावे लागते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे दुसरी वाटच नसल्यामुळे मिळणारा निकडीचा हक्क आणि वीस वर्षांच्या वापराने मिळणारा हक्क हे दोन वेगळे आहेत, आणि १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जायचे तर अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. दोन्ही बाजूंना एवढी माहिती एकाच माणसाकडून, त्याच गडग्यापाशी उभे राहून मिळाली, तर निम्मा वाद ओसरतो असे मी स्थळपाहणीच्या प्रसंगी पाहिले आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात सामाईक सातबाऱ्यावरच्या जमिनी गेल्या आणि मोबदल्याच्या वाटपाबद्दल वाद झाले की राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३एच नुसार प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवले जाते. तिथे तर प्रश्न केवळ कोणाला किती टक्के एवढाच असतो, आणि मूल्यमापनाला याहून सोयीचा विषय शोधून सापडणार नाही.

यावर मला नेहमी विचारले जाते की आपली गावकी असताना बाहेरचा माणूस कशाला. गावकीबद्दल मला आदर आहे. कोणते झाड कोणत्या आजोबांनी लावले, जुनी वाट कोठून जात होती, हे मानकऱ्यांना ठाऊक असते आणि ते कोणत्याही फेरफारात सापडत नाही. देवासमोर कौल लावून मिटलेले वाद लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहेत. १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्यांनीही कित्येक भांडणे न्यायालयाच्या पायरीपासून दूर ठेवली. परंतु गावकीतला प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या भावकीचा असतो, त्याला त्याच वाडीत राहायचे असते, आणि सासरी गेलेली मुलगी त्या बैठकीत बहुधा नसतेच. गावकीने आठवण द्यावी, आणि त्या आठवणीचे कायद्यात वजन किती हे तिऱ्हाइताने सांगावे, अशी विभागणी मला न्याय्य वाटते. मूल्यमापकाने दोन वृद्ध मानकऱ्यांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास काहीच हरकत नाही.

सर्व दावे या मार्गाने जाऊ नयेत. मृत्युपत्रावरची सही खरी की खोटी, हा प्रश्न उलटतपासाशिवाय सुटत नाही आणि दोन तासांच्या बैठकीत त्यावर मत देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. देवस्थानच्या जमिनी आणि अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलांचे हक्क यांना न्यायालयाचे संरक्षण लागते, हे ॲफकॉन्स निकालातही म्हटले आहे. जिथे कोणी रातोरात जेसीबी लावून गडगा पाडतो आहे तिथे प्रथम मनाई हुकूमच मागितला पाहिजे. आणखी एक धोका पद्धतीच्या आतच आहे. ज्याला 'तुमची बाजू भक्कम' असे सांगितले जाते तो पुढे एक पाऊलही मागे घ्यायला तयार नसतो. म्हणून जाणता मूल्यमापक हार-जीत सांगत बसत नाही. हा दावा अमुक एका कागदावर उभा आहे, तो सिद्ध झाला तर एवढे मिळेल आणि नाही झाला तर एवढे, अशा रीतीने तो बोलतो. त्याने कागद अपुरे असताना मत देण्यास नकार द्यावा, ही माझ्या मते त्याच्या योग्यतेची पहिली कसोटी आहे.

आज कोणाला हे करून पाहायचे असेल तर कैफियत दाखल झाल्यानंतर आणि न्यायालयाने वादाचे मुद्दे काढण्यापूर्वीचा काळ योग्य, कारण तोवर दोन्ही बाजू कागदावर आलेल्या असतात आणि साक्षींतली कटुता अजून यायची असते. मूल्यमापकाची फी सर्वांनी समान द्यावी, म्हणजे तो कोणाचा माणूस आहे असे कोणाला म्हणता येणार नाही. बहिणीला ते जमत नसेल तर तिचा भाग भावांनी उचलावा, पण तसे लिहून ठेवावे. या प्रक्रियेला आपल्याकडे स्वतंत्र कायद्याचे कवच नसल्यामुळे गोपनीयतेचा करार आधीच करणे अत्यंत आवश्यक आहे. बैठकीत दिलेली कबुली पुराव्यात वापरायची नाही अशा स्पष्ट अटीवर ती दिली असेल, तर दिवाणी दाव्यात ती ग्राह्य धरली जात नाही, ही तरतूद जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २३ मध्ये होती आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २१ मध्ये कायम आहे. तडजोड ठरली तर ती लेखी करून संहितेच्या आदेश २३ नियम ३ खाली न्यायालयात द्यावी आणि तिचा हुकूमनामा करून घ्यावा, किंवा लोकअदालतीत ठेवावी, जिथल्या निवाड्यावर अपील नाही. साध्या कागदावर सह्या करून घरी ठेवलेली तडजोड पुढच्या पिढीला नवा दावा ठरते.

मूल्यमापक कोठून आणायचे, हा प्रश्न मला वाटतो तितका कठीण नाही. आयुष्यभर दिवाणी बाजू पाहिलेले निवृत्त न्यायाधीश आणि महसूल खात्यातले जाणकार अधिकारी निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलेले आपल्या प्रत्येक तालुक्यात आढळतात. एका तालुक्याच्या दाव्यासाठी शेजारच्या तालुक्यातला माणूस घेतला की नातेगोते आड येत नाही. वकील संघांनी अशा व्यक्तींची संमती घेऊन यादी केली, तर आरंभ होण्यास तेवढे पुरेसे आहे. वेळही ठरलेली आहे. सगळे हिस्सेदार एकाच वेळी गावात असतात ते मे महिन्यात आणि गणपतीत. मे महिन्यात न्यायालयांना सुट्टी असते, वकील मोकळे असतात, चाकरमानी आंब्यासाठी आलेले असतात आणि बाग समोर उभी असते. माझ्याकडच्या ज्या पक्षकारांनी या पद्धतीत रस दाखवला आहे, त्यांना मी येत्या मे महिन्याच्या आधी सातबारा, फेरफार आणि मोजणी नकाशांच्या नकला काढून ठेवायला सांगितले आहे, आणि बहिणींना बैठकीची सूचना भावांमार्फत न पाठवता थेट त्यांच्या सासरच्या पत्त्यावर पाठवायची असे ठरवले आहे.